बैलाचं औषध मांजराला

पेण आणि रोहा तालुक्यांत जनावर आजारी पडलं की पहिला उपाय घरात नाहीतर बांधावर शोधला जातो. खरजेला करंजेल, जखमेला हळद, पोट फुगलं तर गोडेतेल आणि ओवा, हगवण लागली तर कुड्याची साल, पावसाळ्यात गोठ्यात निर्गुडी-कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. खारेपाटातला आगरी असो, कुंडलिकेकाठचा कुणबी असो की डोंगराकडच्या वाडीवरचा कातकरी-ठाकूर, यादीत थोडाफार फरक पडतो, गाभा तोच राहतो. या यादीकडे बघणारे लोक दोन प्रकारचे. काहींच्या मते पिढ्यान्‌पिढ्या चाललंय म्हणजे त्यात तथ्य असणारच. काहींच्या मते हा सगळा अडाणीपणा. दोघेही एक साधा प्रश्न विचारत नाहीत: हे उपाय मुळात कोणत्या जनावरासाठी निघाले?

ते निघाले गुरांसाठी. आणि आज ते बहुतेक वेळा वापरले जातात कुत्र्या-मांजरांवर. घरगुती उपायांतलं काय टिकतं, काय टाकायला हवं, हे या एका गोष्टीवरून बरंचसं उलगडतं.

ज्ञान गोठ्यातलं, रुग्ण घरातला

भाताच्या खाचरात चिखलणी बैल करत होता तोवर बैल आजारी पडणं म्हणजे अख्खा हंगाम बुडणं होतं. म्हणून औषधांचा सगळा अनुभव त्याच्याभोवती साठला. त्याखालोखाल गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी. कुत्रा अंगणात होता, मांजर माळ्यावर होतं. पण त्यांच्या दुखण्याकडे मुद्दाम लक्ष देण्याची चाल नव्हती. जगलं तर जगलं.

चित्र हळूहळू पालटलं. बैलाच्या जागी पॉवर टिलर आला, गोठे रिकामे झाले. पेणमध्ये इमारती उभ्या राहिल्या, रोह्यात धाटावच्या कारखान्यांमुळे नोकरदारांची वस्ती वाढली, दिवा-रोहा गाडीने मुंबईची ये-जा सोपी झाली. घराघरांत लॅब्राडोर आला, पर्शियन मांजर आलं, आणि गावठी कुत्रंही ओटीवरून आत आलं. आजीच्या ओठावरचं औषध मात्र जुनंच राहिलं.

बैलाचं वजन तीनशे-चारशे किलो. त्याच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि पाल्यातली कितीतरी कडू-विषारी द्रव्यं रक्तात उतरण्याआधीच ते मोडून टाकतात. कुत्र्याकडे ही सोय नाही. मांजराची गोष्ट तर आणखी अवघड आहे. अनेक औषधं आणि सुगंधी तेलं निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची एक महत्त्वाची रासायनिक वाट त्याच्या यकृतात जवळजवळ बंद असते. त्यात ते दिवसभर अंग चाटतं. म्हणजे मांजराच्या अंगाला लावलेलं प्रत्येक औषध थोड्या वेळाने त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चालायचं.

गोचीड, पिसवा, खरूज

या दोन तालुक्यांत सर्वांत जास्त घरगुती उपाय होतात ते गोचिडांवर, आणि सर्वांत जास्त फसतातही तेच. त्यामागचं कारण गोचिडाच्या आयुष्यक्रमात आहे. गुरांवरचा नेहमीचा गोचीड लहानाचा मोठा होईपर्यंत साधारण तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर राहतो. अशा वेळी अंगाला करंजेल चोळलं, कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुतलं तर मार नेमका शत्रूवर बसतो. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडवतं, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वेगळा. तो आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत, कौलाखालच्या वाशांत, पडवीतल्या गोणपाटात लपून कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर चढतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते, तीही भेगांतच. कुत्रा तेलाने कितीही चोपडला तरी फौज भिंतीत सुरक्षित असते. म्हणून इथे खरा घरगुती उपाय आहे तो घराचाच: भेगा बुजवणं, गोणपाट उकळत्या पाण्यात टाकणं किंवा जाळणं, कुत्र्याचं अंथरूण कडक उन्हात टाकणं, चिमट्याने गोचीड मुळापासून धरून सरळ ओढणं. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं औषध. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली तर तो गोचीडताप असू शकतो. रक्तातल्या त्या जंतूंपर्यंत कोणतंही तेल पोचत नाही.

सीताफळाच्या बियांची पूड उवा-पिसवांवर जोरकस चालते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. तंबाखूचं पाणी हा जुना गोठ्यातला उपाय कुत्र्या-मांजरांवर अजिबात करू नये. निकोटिन कातडीतूनही आत जातं आणि चाटण्यातूनही.

खरजेच्या बाबतीत मात्र जुनी माणसं बरोबर होती. खोबरेल तेलात गंधक खलून लावणं हा गावठी उपाय जगभरच्या पशुवैद्यकातही मान्य आहे. चुना-गंधकाचं द्रावण मांजराच्या खरजेवरही पशुवैद्य वापरतात. करंजेलही कोरड्या, चट्टे पडलेल्या कातडीला बरं. मात्र थोड्या जागेवर लावून बघावं, डोळे-तोंड टाळावं आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नये. याउलट वडखळपासून कोलाडपर्यंत महामार्गावरच्या गॅरेजांतून मिळणारं गाडीचं काळं, वापरलेलं ऑइल खरजेच्या कुत्र्याला फासण्याची जी सवय पसरली आहे ती निव्वळ घातक. त्यात जड धातू असतात, कातडी भाजते, चाटून यकृत-मूत्रपिंडावर घाला येतो. परंपरेशी त्याचा काही संबंध नाही. फुकट मिळतं एवढाच त्याचा गुण.

जखम, आणि जखमेतले किडे

जखमेवर हळद हा सर्वांत लोकप्रिय उपाय. हळदीतलं कर्क्युमिन सूज उतरवतं, काही जंतूंना आवरतं, हे खरं. पण खोल जखमेत हळदीची पूड दाबून भरली की आत घाण अडकते, वरून खपली धरते आणि खाली पू साचतो. बाजारच्या हळदीत भेसळही असू शकते. त्यापेक्षा काम करतं ते धुणं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ. या पाण्याने जखम भरपूर धुवावी, भोवतीचे केस कापावेत. वरवरच्या खरचटण्याला मग हळद-खोबरेलाचा पातळ हात चालतो. मधाची गोष्ट अधिक भक्कम आहे. तो जखमेतलं पाणी ओढून घेतो, त्याचा आम्लपणा जंतूंना मानवत नाही, आणि माणसांच्या रुग्णालयांतही शुद्ध केलेला मध जखमांवर वापरतात.

पावसाळ्यात खरा शत्रू माशी. जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत किडे पडतात. यालाच आसाडी पडणं म्हणतात. गुरांच्या बाबतीत सीताफळीचा पाला वाटून जखमेत भरणं, टर्पेंटाइनचा बोळा ठेवणं, डांबरगोळीची पूड टाकणं असे उपाय चालतात. पाला आणि टर्पेंटाइनने किडे बाहेर येतात हे बरोबर. गुरांच्या दवाखान्यातही टर्पेंटाइन वापरतातच. डांबरगोळी मात्र कुत्र्याच्या, विशेषतः मांजराच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. फिनेल आणि पेट्रोल जिवंत मांस जाळतात. किडे चिमट्याने एकेक करून काढणं, जखम धुणं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठणं हाच मार्ग. किडे कातडीखाली बोगदे करत जातात. वरून दिसतात त्याहून आत जास्त असतात.

आणि मुरगळलेल्या, सुजलेल्या सांध्याला बिब्बा लावणं किंवा तापल्या सळईने डाग देणं? दोन्हींत औषध काहीच नाही. नव्या वेदनेपुढे जुनी झाकली जाते, एवढंच.

पोटाचे विकार

कुड्याची साल, बेलफळाचा गर, डाळिंबाची साल ही हगवणीवरची त्रयी कोकणात माणसांना आणि गुरांना सारखीच दिली जाते. तिन्हींत तुरट द्रव्यं आहेत आणि साध्या हगवणीत त्यांचा उपयोग होतो. पण हगवणीत जनावर मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिलं औषध म्हणजे लिटरभर उकळून निववलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट. कुत्र्याला उलट्या थांबल्यावर भाताची पेज, मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. पशुवैद्यही हेच सांगतात. पेजेच्या मुलखात ते कुणाला नव्याने शिकवावं लागत नाही. दूध मात्र टाळावं. मोठ्या कुत्र्या-मांजरांना ते अनेकदा पचत नाही आणि हगवण वाढते.

पोटफुगीचं उदाहरण या लेखाच्या मुद्द्याला सर्वांत नेमकं लागू पडतं. ओला, कोवळा चारा जास्त खाल्ला की गुरांच्या पोटात फेस साचून डावी कूस फुगते. गोडेतेल पाजलं की फेसाचे बुडबुडे फुटतात आणि वायू सुटतो. हा उपाय शास्त्राला धरून आहे. धोका आहे तो बांबूच्या नळीने घाईघाईत पाजण्यात, कारण तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचा दाह होऊन जनावर दगावतं. आता रुंद छातीचा मोठा कुत्रा घ्या, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन. त्याचं पोट फुगतं तेव्हा अनेकदा जठरच स्वतःभोवती पिळलेलं असतं. कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो, पण काही पडत नाही. इथे तेल, ओवा, हिंग सगळं व्यर्थ. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो हातचा जातो. लक्षण दिसायला एकच, आजार दोन.

जंतांवर पळसबी, वावडिंग आणि कपिला ही जुनी औषधं. पळसबीत जंतनाशक गुण आहे, पण मात्रा चुकली तर उलट्या-हगवण ठरलेली. पिल्लांना तर आईच्या पोटातूनच जंत लागतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून जंतनाशक सुरू करावं लागतं. इतक्या लहान जिवाला झाडपाल्याचा अंदाज परवडत नाही, गोळी स्वस्त आहे, आणि हेच जंत अंगणातल्या मातीतून मुलांनाही लागतात.

पावसाळ्यात एक प्रसंग हमखास येतो: कुत्रा भेकाला तोंड लावतो आणि तोंडातून फेस येऊ लागतो. घाबरून दूध पाजू नये. मान खाली वाकवून वाहत्या पाण्याने तोंड धुवावं, हिरड्या कापडाने पुसाव्यात. बहुतेक वेळा तेवढ्याने निभतं. झटके येऊ लागले तर दवाखाना. उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड खाल्लं असेल तर दूध-तूप पाजण्याची रीत उलटीच पडू शकते, कारण स्निग्धपणाने विष जास्त शोषलं जाऊ शकतं. ओकारीसाठी मीठपाणी पाजणंही टाळावं. रक्तात मीठ वाढून जनावर त्यानेच दगावू शकतं.

कान आणि डोळे

लोंबत्या कानाच्या कुत्र्यांना कोकणातल्या दमटपणात कान वाहण्याचा त्रास फार. लसूण तळलेलं तेल कानात सोडणं हा सरसकट उपाय. पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं, आणि बुरशी असेल तर ओलाव्याने ती आणखी माजते. आंघोळीनंतर कान कोरडा पुसावा, एवढंच घरी करावं. डोळ्यांसाठी उकळून निववलेल्या पाण्याचा कापूस पुरे. मीठ-तंबाखू चघळून गुरांच्या डोळ्यात फुंकण्याची पद्धत गुरांनाही वाईटच.

माणसाच्या कपाटातली औषधं

झाडपाल्याइतकाच घरगुती उपाय आता औषधांच्या डब्यातून येतो. तापावर दिलेली पॅरासिटॅमॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड बिघडतं. कुत्र्यासाठीची परमेथ्रिनची गोचीड-पावडर मांजराला लावली तर त्याला झटके येतात. कांदा-लसूण घातलेला कालवण-भात हाही या यादीतलाच: चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅम कांदा रक्तपेशी फोडायला पुरतो. गाईच्या औषधात लसणाच्या पाकळ्या घालतात म्हणून त्या मांजराला चालतील असं नाही.

हा नियम उलट्या बाजूनेही खरा आहे. डायक्लोफिनॅक गुरांच्या सुजेवर चांगलं चालत होतं, पण त्या गुरांचं मढं खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. भारतात २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. रायगडातच म्हसळ्याच्या चिरगावजवळ गिधाडांची वसाहत जपली जाते, तिच्यामागे हाच इतिहास आहे. बाटलीतलं असो की बांधावरचं, औषध कुणाच्या शरीरात जातंय यावर त्याचा गुण-अवगुण ठरतो.

जिथे घरगुती उपाय नाहीच

चार-पाच आजार या यादीतून बाहेर काढायलाच हवेत. रेबीज पहिला. लक्षणं दिसू लागल्यावर त्याला जगात कुठेही इलाज नाही. चाव्यावर तिखट, चुना, हळद भरल्याने वेळ जातो आणि जखम चिघळते. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं आणि लगेच लस, माणसाला आणि चावल्या गेलेल्या पाळीव कुत्र्यालाही. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस द्यायची असते.

पिल्लांची रक्ताची हगवण म्हणजे पार्व्हो. त्याला सलाइन लागतं, आणि लस सहा-आठ आठवड्यांपासून टप्प्याटप्प्याने सोळा आठवड्यांपर्यंत. कोंबड्यांच्या मानमोडीवर लसूण-पाणी नव्हे, लसीचा थेंबच उपयोगी. कोंबड्यांच्या देवीच्या फोडांवर मात्र तेल-हळद लावली तर हरकत नाही. भातखाचरांच्या या मुलखात लेप्टोस्पायरोसिसचा विसर पडून चालणार नाही. कुत्र्याला कावीळ दिसली म्हणून भुईआवळी पाजत बसलं तर इकडे त्याच्या लघवीतून घरच्यांना आजार लागू शकतो. फुरसं, घोणस चावलेल्या कुत्र्याला मंत्र किंवा पाला नको, प्रतिविष हवं.

कसोटीला उतरलेले पाले

याचा अर्थ झाडपाल्याचं पर्व संपलं असा नाही. तमिळनाडूतल्या तंजावरचे पशुवैद्य एन. पुण्यमूर्ती यांनी गुरांच्या देशी औषधांवर वर्षानुवर्षं काम केलं. बेंगळूरुच्या ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठाच्या जोडीने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती औषधं दूध संघांमार्फत पसरवली. त्यांतलं दगडीवरचं, म्हणजे कासदाहावरचं औषध असं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून कासेला दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. लम्पीसाठी विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ. हेतू असा की प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा आणि दुधात त्यांचे अंश उतरू नयेत. महाराष्ट्रात अँथ्रा या संस्थेतल्या महिला पशुवैद्यांनी पशुपालकांकडून अशीच माहिती गोळा करून तपासली.

या कामाचं वैशिष्ट्य म्हणजे मोजमाप. वनस्पती किती, कोणत्या जनावराला, किती दिवस आणि कुठे थांबायचं, हे सगळं लिहिलेलं आहे. तीच कोरफड कुत्र्याने खाल्ली तर त्याला उलट्या-हगवण होते. पण ते औषध कासेसाठी आहे असं स्पष्ट म्हटल्यावर गोंधळाला जागा उरत नाही.

पेण-रोह्याच्या तोंडी ज्ञानात नेमकं हेच मोजमाप नाही, आणि ते जोडता येण्याजोगं आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्या नमुन्यात माणसांच्या आणि जनावरांच्याही पारंपरिक वैद्यांची नोंद करण्याची सोय आहे. कातकरी-ठाकूर वाड्यांवरच्या जाणत्यांचं, गोठ्यात आयुष्य घालवलेल्या बायांचं ज्ञान तिथे उतरवताना प्रत्येक औषधापुढे चार रकाने हवेत: जनावर कोणतं, मात्रा किती, किती दिवस, आणि कोणतं लक्षण दिसलं की थांबून दवाखाना. हे रकाने तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यासोबत बसून भरावेत. रात्री-अपरात्री दवाखाना लांब असतो तेव्हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तोही त्याच पानावर लिहावा.

घरच्या माणसाने तोवर एवढं पाळलं तरी पुरे: मांजराला न विचारता काही पाजू नये आणि लावू नये, कुत्र्याला गुरांची मात्रा देऊ नये, आणि कोणत्याही घरगुती उपायाला एका दिवसापेक्षा जास्त मुदत देऊ नये. जनावर जेवत असेल, पाणी पीत असेल, हिंडत असेल तर तो दिवस द्यायला हरकत नाही. या तिन्हींपैकी एक जरी थांबलं, तर मुदत त्याच घटकेला संपली.